ड्रॉइंग कुणाचं?

तू विचारलंस, "काका, एम. ए.च्या प्रकल्पाला विषय घेतलाय: जागतिक मूल्यसाखळीत शिरल्याने विकसनशील देशांचं औद्योगिकीकरण होतं का? पुस्तकांत निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही. तुम्ही इतकी वर्षं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून बाहेरच्या देशांसाठी पार्ट बनवले. तुमचं काय म्हणणं?" तुझे बाबा आमच्या शॉपमध्ये सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारे, होते, त्यामुळे दोन ओळींत तुझी बोळवण करणं मला जमणार नाही. चहा घेऊन बस.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. होतं, पण आपोआप होत नाही. साखळी म्हणजे एकच वस्तू अनेक देशांत तुकड्यातुकड्याने बनणं. तिच्यातून ऑर्डर येते, डॉलर येतो, शिस्त येते. सांगितलेला पार्ट सांगितल्या मापात बनवायची अक्कल येते. काय बनवायचं हे ठरवायची अक्कल मात्र त्यासोबत येईलच असं नाही. आणि माझ्या लेखी औद्योगिकीकरण म्हणजे ती दुसरी अक्कल. गेटमधून किती कंटेनर बाहेर पडले यावरून ती मोजता येत नाही.

आमचीच गोष्ट घे. १९९८ साली सातपूरच्या एका निर्यातदारामार्फत आम्हाला पितळेचा एक टर्न केलेला, म्हणजे लेथवर कातलेला, पार्ट मिळाला. माल जर्मनीला जायचा. ड्रॉइंग आलं तेव्हा त्याचा खालचा कोपरा, म्हणजे जिथे कंपनीचं नाव आणि असेम्ब्लीचा नंबर असतो तो भाग, कागद चिकटवून झेरॉक्स काढलेला होता. पार्ट कशात बसतो, त्यातून पाणी जातं की तेल, हे आम्हाला चार वर्षं माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'टोपी' म्हणायचो, कारण तो टोपीसारखा दिसायचा.

त्या टोपीने आम्हाला खूप शिकवलं, हे आधी कबूल करतो. तोवर आम्ही रिजेक्शन टक्क्यांत मोजायचो. दोन टक्के आलं तर खूश. या गिऱ्हाइकाने दहा लाखांत किती, असा हिशेब मागितला. गेज दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेट करून आणायचे, पितळेच्या प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट जपायचं, कंट्रोल प्लॅन, म्हणजे तपासणीचा तक्ता, भिंतीवर लावायचा आणि मुख्य म्हणजे तो पाळायचा. पहिल्या ऑडिटला आलेल्या माणसाने मशीनखाली वाकून कूलंटची गळती दाखवली होती. त्या रात्री आम्ही अख्खं शॉप धुऊन काढलं. पुढे देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांचं काम मिळालं ते याच सवयींच्या जोरावर. अर्थशास्त्रात याला प्रक्रियेतली सुधारणा म्हणतात. ती साखळीतून खरोखर येते, आणि झपाट्याने येते.

आता दुसरी बाजू. आमच्या ट्रॉबवर, म्हणजे ऑटोमॅटिक लेथवर, तो पार्ट कापून पडला की मागचं चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, घ्यायला तो पुन्हा मशीनवर बांधावा लागायचा, म्हणजे दुसरं सेटिंग. आमच्या एका सेटरने सुचवलं, हे तीस अंशांचं चॅम्फर पंचेचाळीसचं करून दिलं तर पार्ट कापणाऱ्या कट-ऑफ टूललाच तसा आकार देता येईल आणि दुसरं सेटिंग वाचेल. मी स्केच काढून निर्यातदाराकडे दिलं. तीन महिन्यांनी नवी रिव्हिजन आली. चॅम्फर पंचेचाळीस अंशांचं! आम्ही पेढे वाटले. महिनाभराने पत्र आलं: सेटिंग कमी झाल्यामुळे दर सात टक्क्यांनी कमी करण्यात येत आहे. शिवाय दरवर्षीची तीन टक्के दरकपात वेगळी. सुचवलं आम्ही, वाचवलं आम्ही, फायदा गेला वर. ड्रॉइंगवर आमचं नाव कुठेच नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर?

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. साखळीत पैसा कुठे मुरतो हे यातून दिसतं. तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शिह यांनी १९९२ च्या सुमारास एक वक्ररेषा काढून दाखवली होती. डावीकडे संशोधन आणि डिझाइन, उजवीकडे ब्रँड आणि विक्री, मधोमध जोडणी. दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, म्हणून तिला 'हसरी रेषा' म्हणतात. खालच्या भागात बसलेल्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, हा भाग वेगळा. आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये आयफोनचा हिशेब मांडला. २००९ च्या मॉडेलचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर. त्यात चीनमधल्या जोडणीचे फक्त साडेसहा. पण व्यापाराच्या आकडेवारीत चीनची निर्यात अख्खे १७९ डॉलर धरली जायची. तेव्हा कुठल्याही देशाचे निर्यातीचे आकडे वाचताना आधी विचार, यातली आपल्या घरची मजुरी किती आणि नुसता हातातून गेलेला माल किती.

मात्र तो हिशेब तिथेच सोडू नकोस. पुढच्या दशकात आलेल्या आयफोन एक्सचा असाच हिशेब झाला तेव्हा चिनी कंपन्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांवरून पाव हिश्श्यावर गेला होता. कारण मधल्या काळात चीनमध्ये काच, बॅटरी, कॅमेऱ्याची भिंगं, साचे आणि मशीनं बनवणारी माणसं तयार झाली. तळातून वर चढता येतं, याचा हा पुरावा. चढायला लागतं काय, हा तुझ्या प्रकल्पाचा खरा विषय असायला हवा.

माझ्या मते लागते ती गळती. दचकू नकोस, ही कूलंटची नाही. कारखान्यात शिकलेली अक्कल गेटबाहेर गळली पाहिजे. बांगलादेशाचं उदाहरण आता पाठ्यपुस्तकी झालंय, पण आहे झकास. १९७९ च्या सुमारास देश गारमेंट्स नावाच्या तिथल्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १३० माणसं शिकायला पुसानला पाठवली. ती परत आली, आणि काही वर्षांत त्यातली शंभरावर माणसं कंपनी सोडून गेली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने आपत्ती! देशाच्या दृष्टीने तिथून कपड्यांचा उद्योग सुरू झाला, आणि आज त्या देशाच्या निर्यातीत पाचातले चार डॉलर कपड्यांचे असतात. त्यासोबत सरकारने बॉण्डेड गोदामं (जकात न भरता माल ठेवायची जागा) आणि बॅक-टू-बॅक एलसी (निर्यातीच्या ऑर्डरवर मिळणारी बँकेची हमी) दिली, म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही परदेशी ऑर्डरच्या जोरावर कापड आणू शकला. पुस्तकांत या दोन गोष्टींवर एखादी ओळ असते. धंद्यात रोखीची चणचण काय चीज असते हे ज्याने भोगलंय त्याला कळेल की कोरियन प्रशिक्षणाइतकंच मोल या कागदपत्रांचं होतं. (त्याच उद्योगात २०१३ साली राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं मेली, हेही लिही. दर खाली ओढताना शेवटी इमारतीचे खांबही हिशेबात येतात.)

आमच्या अंबडलाही असंच झालं. चांगला सेटर पाच वर्षं टिकला की सहाव्या वर्षी सहकारी बँकेचं कर्ज काढून गाळा घ्यायचा, एक सेकंडहँड लेथ टाकायचा आणि आमच्याच गिऱ्हाइकाला आमच्यापेक्षा दोन रुपये कमी दर द्यायचा. मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्यात. आज मोजतो तेव्हा दिसतं, माझ्या शॉपमधून निघालेल्यांचे सात गाळे चालू आहेत आणि त्यातल्या दोघांकडे माझ्यापेक्षा चांगलं सीएमएम, म्हणजे बारीक मापं तपासणारं यंत्र, आहे.

याउलट मेक्सिको. अमेरिकेच्या सीमेला लागून १९६५ पासून 'माकिलादोरा' कारखाने आले. सुटे भाग अमेरिकेतून येणार, मेक्सिकोत जोडणार, परत जाणार. लाखोंना रोजगार मिळाला, ही लहान गोष्ट नाही. पण कित्येक दशकं या कारखान्यांत लागणाऱ्या साहित्यापैकी मेक्सिकोत बनलेलं साहित्य शेकडा दोन-तीनच्या घरातच राहिलं. शेजारच्या गावात डाय, म्हणजे साचे, बनवणारा तयार झाला नाही, कारण त्याला कुणी काम दिलंच नाही. कारखाना आला, कारखानदारी आली नाही.

मग नाशिक यात कुठे बसतं? इथे माझं मत जरा आडवं आहे. बाहेरच्या साखळीत शिरल्यामुळे नाशिकचं औद्योगिकीकरण झालं, असं मी म्हणणार नाही. ते बरंचसं आधीच झालेलं होतं. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ चा. मग सातपूरची एमआयडीसी, तिथे १९७० च्या आसपास मायको, म्हणजे आजची बॉश, पुढे महिंद्रा, विजेच्या स्विचगिअरवाल्या कंपन्या. बाहेरून माल आणायचा तर लायसन्स आणि जबर जकात, म्हणून या कारखान्यांना सुटे भाग इथेच बनवून घ्यावे लागले. कुणी हीट ट्रीटमेंट टाकली, कुणी प्लेटिंग, कुणी टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायची जागा. माल महाग होता, कधीकधी भिकार होता, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं असायचं. तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण १९९१ नंतर दारं उघडली तेव्हा नाशिककडे मायक्रोमीटर धरता येणारे हजारो हात होते. त्यामुळे आम्हाला साखळीत वरच्या पायरीवर पाय ठेवता आला. हेच हात नसते तर आमच्या वाट्याला पॅकिंग आलं असतं.

मारुतीचंही तसंच. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा बहुतेक पार्ट जपानी होते. ठरावीक वर्षांत ठरावीक टक्के पार्ट देशी, असं बंधन होतं, म्हणून सुझुकीने इथल्या पुरवठादारांना हाताला धरून शिकवलं. पुढे १९९० च्या दशकात बाहेरून सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या मोटार कंपन्यांवर तीन वर्षांत ५० आणि पाच वर्षांत ७० टक्के देशी भागांची अट होती. युरोप आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले, निकाल भारताविरुद्ध लागला आणि ती अट गेली. तोवर पुरवठादार पायावर उभे होते, म्हणून निभावलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये उलटं घडलं. १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने शेकडो वस्तूंवरची जकात शून्यावर न्यायची होती आणि आपले पुरवठादार तयारच झाले नव्हते. २०२० नंतर प्रोत्साहन योजनेतून मोबाइलची जोडणी जोरात आली, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारला सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर करावी लागली. म्हणजे आधी ताट मांडलं, आता स्वयंपाकघर बांधतोय. चुकीचं नाही. फक्त ताटाचे फोटो बघून पोट भरलं असं समजू नये.

पाहुणी कंपनी उठून गेली तर काय, हा प्रश्न पुस्तकांत फार थोडक्यात आटपतात. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २००६ ला सुरू झाला, २०१४ ला बंद. त्याच वर्षी इंटेलने कोस्टा रिकातली चिपची जोडणी आणि चाचणी थांबवली आणि दीड हजार नोकऱ्या गेल्या. पण कोस्टा रिकात इंजिनिअरांची फळी तयार झाली होती, वैद्यकीय उपकरणांचे कारखाने रुजले होते, म्हणून तो देश सावरला. मलेशियाच्या पेनांगमध्ये इंटेल १९७२ पासून आहे. तिथे कंपन्या आणि राज्य सरकार यांनी मिळून १९८९ मध्ये प्रशिक्षण केंद्र काढलं, आणि परदेशी कंपन्यांमध्ये शिकलेल्या माणसांनी अचूक मशीनं बनवणारे उद्योग उभारले. तरीही मलेशियाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २००० च्या सुमारास तीस टक्क्यांवर जाऊन मग घसरत बावीस-तेवीसवर आला. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक ज्याला अकाली विऔद्योगिकीकरण म्हणतात, म्हणजे देश श्रीमंत होण्याआधीच कारखानदारीचा वाटा घसरणं, ते असं दिसतं. आपलं तर शिखरच बुटकं. 'मेक इन इंडिया'ने २०१४ मध्ये २५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, आणि आपण अजून सतराच्या आसपास घुटमळतोय.

जागतिक बँकेचा २०२० चा अहवाल तू वाचला असशीलच: साखळीतला सहभाग एक टक्का वाढला तर दरडोई उत्पन्न एक टक्क्याहून जास्त वाढतं, नेहमीच्या व्यापाराच्या जवळपास दुप्पट. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तो सरासरीचा आकडा आहे. मेक्सिकोची सीमा आणि चीनचा किनारा एकाच सरासरीत बसतात.

आता द्राक्षं. तू म्हणशील हा औद्योगिकीकरणाचा विषय नाही. माझ्या मते नाशिकमधला सर्वांत शिकण्यासारखा धडा पिंपळगाव-दिंडोरीच्या बागांमध्ये आहे, आणि आम्हा लोखंडवाल्यांना त्याची जरा लाज वाटायला हवी.

२०१० च्या हंगामात युरोपच्या बंदरांवर आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, बागाईतदारांच्या भाषेत 'सीसीसी', याचे अंश सापडले. वेलीची नको ती वाढ रोखायला ते सर्रास मारलं जायचं. कित्येक निर्यातदार त्या एका हंगामात बुडाले आणि शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते वेगळेच. साखळीच्या वरच्या टोकाला कुणीतरी प्रयोगशाळेत एक कळ दाबतो आणि निफाडमध्ये एखाद्याचं लग्न पुढे ढकललं जातं, इतकी ही सत्ता एकतर्फी असते.

पण पुढे काय झालं ते बघ. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही बागांची नोंदणीव्यवस्था आधीपासून होती. ती कडक झाली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, तिथून चाचणीच्या पद्धती खाली उतरल्या. द्राक्ष बागाईतदार संघाची शिबिरं होतीच. पाच एकरवाला माणूस फवारणीची वही ठेवायला लागला, कोणत्या औषधाचा अंश किती दिवस टिकतो हे बोटावर सांगायला लागला. मोहाडीला सह्याद्री ही शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया आणि निर्यात, सगळं त्यांचं. मधला निर्यातदारच त्यांनी स्वतःच्या घरात आणला. आमच्या टोपीच्या पार्टमध्ये आम्हाला जे कधी जमलं नाही, ते हे.

तरी तिथेही ड्रॉइंग कुणाचं, हा प्रश्न सुटलेला नाही, फक्त त्याचं नाव बदललं. द्राक्षात ड्रॉइंग म्हणजे वाण. तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस ही महाराष्ट्रातल्या बागाईतदारांनीच आपल्या बागांतून निवडलेली. पण युरोपच्या दुकानांत आता रंगीत, कुरकुरीत, पेटंट असलेली वाणं लागतात. ती परदेशी कंपन्यांची. लावायची तर परवाना घ्या, रॉयल्टी भरा. वेल आपल्या मातीत, घाम आपला, आणि घडामागे काही पैसे ज्याने वाण काढलं त्याला. मी यात त्याला दोष देत नाही. त्याने पंधरा-वीस वर्षं संकरात घातली. आपण तितकी वर्षं कशात घातली, एवढंच विचारतो.

पुढच्या दहा वर्षांबद्दल थोडकंच. साखळीचे नियम कडक होताहेत. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्यात पोलादाबरोबर नट-बोल्टही येतात, आणि मला ओळखणारे चार बोल्टवाले सध्या विजेच्या बिलांचा कार्बन मोजायला सीए शोधताहेत. (सीएला ते येत नाही. इंजिनिअर लागतो. तुझ्यासारख्यांना यात काम आहे.) दुसरं, डिझेल इंजिनाचे बारीक पार्ट हा नाशिकचा प्राण होता आणि गाड्या विजेकडे निघाल्यात. ज्याच्याकडे फक्त एक पार्ट धरायची जिग आहे तो अडचणीत. ज्याच्याकडे टूलरूम आहे तो उद्या दुसरं काही बनवेल.

प्रकल्पासाठी सल्ला हवा असेल तर आकडेवारीचं कोष्टक नंतर कर. आधी अंबड आणि सातपूरमधले तीस गाळे निवड. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांमधून ओळखी मिळतील. प्रत्येकाला निर्यात किती हे विचारू नकोस, कुणी खरं सांगत नाही. विचार, तुमचं डाय-टूलिंग कुठे बनतं? गेल्या पाच वर्षांत ड्रॉइंगमधला एखादा बदल तुम्ही सुचवलात का, आणि त्याचे पैसे कुणाला मिळाले? तुमच्याकडून सुटलेली माणसं कुठे आहेत? एकाच गिऱ्हाइकाकडे किती टक्के माल जातो, आणि पेमेंट कायद्यातल्या ४५ दिवसांत खरोखर येतं का? शेवटच्या प्रश्नावर तो हसला तर तेही लिहून घे.

आणि पहिली मुलाखत बाहेर शोधू नकोस. घरीच घे. त्या टोपीचं चॅम्फर पंचेचाळीस अंशांचं करायचं डोकं तुझ्या बाबांचं होतं. त्यांना विचार, सात टक्क्यांचं ते पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ते काय म्हणाले होते. मला लिहायला बरं वाटत नाही.